दाराजवळची जागा

फास्ट लोकलचा हट्ट आधी सोड. डोंबिवलीहून सीएसएमटीला जायला फास्टने वेळ वाचतो हे मला सांगू नकोस, सगळी नोकरी मी याच लाइनवर काढली. पण फास्ट गाडी मधली स्टेशनं गाळत पळते आणि लोकलला संडास नसतो. आपल्यासारख्या पोटाच्या बायकांनी गाडी कधी पोचते ते पाहू नये, पुढचं स्टेशन किती मिनिटांवर आहे ते पाहावं. स्लो गाडी प्रत्येक ठिकाणी थांबते. वाटलं तर उतरता येईल, एवढं मनाला पटलं की बहुतेक वेळा उतरावं लागतच नाही.

तू विचारलं होतंस ना, रविवारी घरी काही होत नाही, मग सोमवारी कुर्ला गेलं की कळ कशी येते? त्यात नाटक काही नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. आपल्याला आहे तो आयबीएस, म्हणजे चिडक्या आतड्याचा विकार. त्यात तो संवाद बिघडतो. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू सरकला तरी आपल्याला मुरडा येतो. मुरडा आला की भीती वाटते, आणि भीतीने आतडं आणखी जोरात हलतं. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं पोटासाठी आहे आणि निम्मं भीतीसाठी. भीतीचं आधी करायचं.

एखाद्या रविवारी, गर्दी नसताना, तुझ्या वाटेवरच्या मोठ्या स्टेशनांची स्वच्छतागृहं पाहून ये. ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर. कुठल्या पुलाशी आहेत, सकाळी उघडी असतात का, पाणी येतं का, सुटे पैसे लागतात का, कडी नीट लागते का. हे सगळं फलाटावर घाम फुटलेला असताना शोधायचं नसतं. बायकांसाठी नीट सोय असावी म्हणून मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालू आहे. त्याआधी आम्ही काय केलं असेल याची कल्पना कर. पाणीच प्यायचो नाही, दुसरं काय!

डब्यात आत शिरू नकोस. खिडकीचा मोह नको, दाराच्या बाजूला पार्टिशनला टेकून उभी राहा. पर्समध्ये एक छोटी पिशवी कायमची ठेव: आतल्या कपड्यांचा एक जोड, कागदी साबण, टिश्यू, रिकामी प्लास्टिकची पिशवी, दहाच्या दोन नोटा. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळीही. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र ती घ्यायची नाही. ही पिशवी महिनोन्‌महिने उघडली जात नाही. न उघडलेली बरी.

आता सकाळ. काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं हलू लागतं. सगळ्यांचंच हलतं, आणि सकाळी जास्त. तू काय करतेस, तर उठल्या उठल्या आवरतेस, उभ्याने चहा घेतेस आणि धावत रिक्षा पकडतेस. मग तो चहा आपलं काम मुलुंडला करतो. त्यापेक्षा तासभर आधी ऊठ, चहाबरोबर थोडं काही खा आणि संडासला निवांत वेळ दे. पुन्हा जावंसं वाटलं तर जा. घरातले हसले तर हसू देत. उपाशीपोटी निघायचं आणि दुपारी डब्यावर तुटून पडायचं, ही युक्ती अनेक जणी करतात. मला ती अजिबात पसंत नाही. रिकाम्या पोटात गुबारा धरतो आणि एकदम जास्त खाल्लं की त्याच क्षणी धाव लागते.

डॉक्टरांचं थोडक्यात सांगते. दर वेळी ‘अमिबा असेल’ म्हणून मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेत बसू नकोस. एकदा पोटाच्या तज्ज्ञाकडे जा. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखतं का, ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे का, त्रास सुरू होऊन सहा महिने झाले का, असं ते विचारतील. 2016 साली ठरलेले हे निकष आहेत. रक्त पडणं, वजन आपोआप उतरणं, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून गप्प बसायचं नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असतो.

जाताना वही ने. दोन-तीन आठवडे रोज दोन ओळी: काय खाल्लं, झोप कशी झाली, पाळीचा दिवस कुठला, पोट कसं होतं. शौचाचं वर्णन करायला लाज वाटते ना? त्यासाठी ब्रिस्टलचा तक्ता आहे, एक ते सात नंबरांचा. लेंड्या म्हणजे एक, निव्वळ पाणी म्हणजे सात. ‘आज सहा होता’ एवढं लिहिलं की झालं. माझी ती वही तुझ्या काकांच्या हाती लागली होती, त्यांना वाटलं मी आकडा लावते.

कुणी चूर्ण सुचवेल. सोनामुखी घातलेलं चूर्ण रोजचं करू नकोस. गव्हाचा कोंडा तर नकोच, त्याने पोट फुगतं. इसबगोल चालतो, पण एका चमच्यापासून सुरुवात कर, वर मोठा पेलाभर पाणी पी आणि हळूहळू वाढव.

खाण्यात आपल्या घरांची खरी अडचण म्हणजे कांदा आणि लसूण. त्यांतली फ्रुक्टन नावाची साखर लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. गव्हातही ती असते. हरभरा, राजमा, वाल यांतही अशाच न पचणाऱ्या साखरा असतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या लोकांनी यावर आहार बसवला, लो-फॉडमॅप म्हणतात त्याला. नाव परदेशी, पण करायला चातुर्मासासारखा काळ नाही. आषाढी ते कार्तिकी आपल्या कितीतरी घरांत कांदा-लसूण बंदच असतो. एरवी ‘भाजीत कांदा नको’ म्हटलं की सासूबाईंपासून डबेवालीपर्यंत सगळ्यांना कारणं द्यावी लागतात. चातुर्मासात कुणी विचारतच नाही, वर पुण्य मिळतं. फक्त कांदेनवमीला भज्यांवर आडवा हात मारून सुरुवात करू नकोस.

चार ते सहा आठवडे पुरेत, चार महिने नकोत. त्या काळात भात, ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीचं साधं वरण, दुधी, पडवळ किंवा काकडी, नाश्त्याला बिनकांद्याचे पोहे. लसणाचा वास हवाच असेल तर तेलात आख्ख्या पाकळ्या परत आणि फोडणीआधी काढून टाक. ती साखर पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. म्हणूनच आमटीत पाकळी टाकून नंतर वेचून काढण्यात काही अर्थ नाही. दुधाने त्रास होत असेल तर चहातलं कमी कर, ताक बहुतेकांना सोसतं. शुगर-फ्री च्युइंगम बंद, त्यातल्या सॉर्बिटॉलने जुलाब होतात. आंबा मात्र जपून. एक फोड खा, अख्खा पायरी नको.

मग एकेक पदार्थ परत आण. तीन दिवस फक्त गहू, मग थांब, मग कांदा थोडा. सगळ्यांना सगळंच बाधत नाही. तुला लसूण सोसत असेल आणि कांदा नाही, असंही निघेल. जन्मभर सगळं सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अंगावर मांस राहत नाही, आणि त्रास आहे तिथेच. जमल्यास हे आहारतज्ज्ञाला विचारून कर.

उपवासाच्या दिवशी ऑफिसला जायचं असेल तर तेलात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी सकाळी नको. वरीचे तांदूळ हलके पडतात.

ऑफिसात सगळ्यांना सांगू नकोस, एकाला सांग. वरिष्ठांना. मीटिंगमध्ये उठून जाताना नाही, एखाद्या साध्या दिवशी, दार लोटून. ‘मला आतड्याचा जुना त्रास आहे, उपचार चालू आहेत. कधी कधी मध्येच दहा मिनिटं उठावं लागतं. काम अडणार नाही.’ एवढंच. पुढचा तपशील त्यांनाही नको असतो. मीटिंगला दाराजवळची खुर्ची धर. प्रेझेंटेशन तुझ्या हातात असेल तर दुपारी लाव. बऱ्याच जणांचं पोट सकाळी तंटा करतं आणि जेवण जिरल्यावर शांत होतं. जुन्या इमारतींत बायकांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये. ती व्यक्ती रजेवर गेली की किल्ली कुठे असते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव.

आणि रोज घरून काम मागण्यापेक्षा सकाळी तासभर उशिरा येण्याची सवलत माग. घरात बसून राहिलं की बाहेर पडायची भीती वाढते. फलाटावर छातीत धडधडलं तर चार आकडे मोजत श्वास पोटात घे आणि सहा मोजत सोड. डॉक्टर मनाच्या उपचारांचं किंवा झोपेच्या वेळच्या कमी मात्रेच्या अमिट्रिप्टिलिनचं नाव काढतील, तर ‘मी काय वेडी आहे का’ म्हणू नकोस. ती गोळी इथे आतड्याच्या मज्जातंतूंसाठी असते.

रजा जपून वापर. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे, सरकारी नोकरीतल्यासारखी परिवर्तित रजा तुला नाही. सकाळी पोट बिघडलं तर लगेच पूर्ण दिवस टाकू नकोस, आधी अर्धा दिवस विचार. अर्जात ‘पोटाचा विकार’ लिही आणि सर्टिफिकेट जोड. आठातल्या दोन गणपतीसाठी राखून ठेव.