ड्रायव्हरवरचा शिक्का कोणता, हे विचारून घ्या

ताग्याच्या टोकावर गिरणीचा शिक्का नसेल तर जुने दलाल तागा उघडूनही पाहत नसत. संगणकाला जोडायच्या यंत्रांनाही आता असाच शिक्का लागतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे आम्ही एकदा ऐन ईदच्या सीझनमध्ये अडकलो.

कापड मोजणारे एक यंत्र आम्ही घेतले होते. मोजलेले मीटर तारेवाटे थेट बिलाच्या संगणकात उतरत. बनवणारा कारखानदार लहान, माल मात्र चांगला. पुढे नवा संगणक आणला आणि यंत्र मुके झाले. खिडकीत ‘कोड ५२’ दिसू लागला, म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पडताळता येत नाही. दुरुस्तीला आलेल्या मुलाने सहीची तपासणी बंद करून दिली व पैसे घेऊन गेला. दुपारी वीज गेली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पहिलेच दुखणे पुढे! त्या मार्गाने मिळालेली सूट फक्त पुढच्या रीस्टार्टपर्यंत टिकते. चार दिवस हाताने मीटर लिहिले.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा. असे बरेच ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतात. तिथे चूक झाली तर तेवढे यंत्रच नव्हे, सारा संगणक बंद पडतो. म्हणून ६४-बिट व्हिस्टापासून कर्नलच्या ड्रायव्हरला सही सक्तीची झाली. २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागते. बाहेरच्या प्रमाणपत्रावर भागवण्याची जुनी वाट २०२१ मध्ये बंद झाली.

आपली काही मुले आता अशी यंत्रे बनवू लागली आहेत. त्यांनी क्रम समजून घ्यावा. आधी ‘ईव्ही’ प्रतीचे कोड-सायनिंग प्रमाणपत्र घ्यावे. देणारी संस्था फर्मची नोंदणी, पत्ता, फोन यांची खातरजमा करते. कागदांवर नावात एका अक्षराचा फरक असला तरी काम लांबते, म्हणून हे यंत्र तयार होण्यापूर्वीच सुरू करावे. मग मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर कार्यक्रमात नाव नोंदवावे.

खरी कसोटी पुढे आहे. ‘हार्डवेअर लॅब किट’ फुकट मिळते, पण संगणक आपले लागतात. एक सर्व्हर परीक्षा चालवतो आणि यंत्र जोडलेले दुसरे संगणक ती देतात. संगणकाला पुन्हा पुन्हा झोपवतात व उठवतात, ड्रायव्हर बंद-चालू करतात, यंत्र अचानक उपटल्यासारखे करतात, ड्रायव्हरकडे मुद्दाम वेडेवाकडे हुकूम पाठवतात. दुकानात रोज हेच घडते, म्हणून या परीक्षेला आम्ही मान देतो. निकालाचे गाठोडे आपल्या प्रमाणपत्राने सही करून पाठवायचे. पसंत पडले तर मायक्रोसॉफ्टच्या सहीची कॅटलॉग फाइल परत येते. त्यात प्रत्येक फाइलचा ठसा असतो. नंतर एखाद्या फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही.

दुसरी, आखूड वाट आहे, ‘अटेस्टेशन’. तिच्यात लॅब किटची परीक्षा नाही. आपल्या सहीची फाइल पाठवली की मायक्रोसॉफ्टची सही मिळते. विंडोज १० व पुढच्या संगणकांवर ती चालते, पण सर्व्हर २०१६ व त्यापुढच्या सर्व्हरवर चालत नाही, आणि विंडोज अपडेटमधून सर्वसाधारण ग्राहकांकडे माल पाठवता येत नाही. हा शिक्का माल कोणाचा ते सांगतो, कसा आहे ते सांगत नाही. ग्राहकाला दोन्ही सह्या सारख्याच वाटतात आणि घोटाळा इथेच होतो.

पूर्ण परीक्षेलाही मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. ड्रायव्हर परीक्षा दिलेलाच होता. तो वाचत असलेली माहितीची फाइल मात्र वेगळ्या वाटेने आली होती. आणि प्रमाणपत्राची किल्ली कोणाच्या हाती पडू देऊ नये. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट विषाणूच्या ड्रायव्हरवर रियलटेक व जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांच्या सह्या होत्या. आमचे मत असे की किल्ली गल्ल्यासारखी मालकानेच सांभाळावी.

मोजणी यंत्रवाल्याला आम्ही फोन केला तेव्हा तो खर्चाने हबकला होता. मग कोणीतरी त्याला सुचवले की नुसते आकडे पाठवायला स्वतःचा ड्रायव्हर कशाला? यंत्र ठरलेल्या यूएसबी सिरियल पद्धतीने बोलले तर विंडोज १० पासून आतलाच ड्रायव्हर आपोआप लागतो. त्याने यंत्रातला प्रोग्राम बदलून आणून दिला. आता वीज गेली तरी मीटर उतरतात.