मनाचाही निचरा हवा

भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते व पुढे मुळे कुजतात. म्हणून आपण वेळीच चर काढतो. मनाचेही असेच आहे. दुःख, राग व काळजी आत साचत गेली की माणूस खचतो. त्यांना वाट करून देण्याची एक रीत आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. ती म्हणजे जात्यावरची ओवी.

मुळशी-मावळची ठेव

मारुंजी हे मुळशी तालुक्यातील, हिंजवडीच्या आयटी पार्कलगतचे गाव. या पट्ट्यात शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेली त्यांच्या हाती पैसा आला, पण कष्टाची सवय असलेले हात रिकामे झाले. दिवस खायला उठतो, हे दुःख सांगायचे तरी कोणाला?

याच मुळशी-मावळ भागात हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकात ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हते. माहेरची ओढ, सासरचा जाच, मुलाबाळांचे दुखणे, विठ्ठलाची भक्ती हे सारे त्यांत आहे.

ओवीने मन हलके का होई?

पहाटेची वेळ ठरलेली होती. जात्याच्या फेऱ्याबरोबर हाताला व श्वासाला लय मिळे. जोडीला दळणारी बाई ऐकत असे. आणि स्वतःचे जे उघड बोलता येत नसे, ते सीतेच्या वनवासाच्या निमित्ताने बोलता येई. पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. परंतु मन मोकळे करण्याची वेळ व जागाही त्याबरोबर गेली. जाते परत आणण्याची गरज नाही. तशी वेळ मात्र पुन्हा काढली पाहिजे.

काय करावे?

१. रोज १५-२० मिनिटांची वेळ ठरवावी. धारा काढून झाल्यावर किंवा रात्री जेवणानंतरची वेळ सोयीची पडते.

२. हाताला लय देणारे काम निवडावे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, दोर वळणे, रांगोळी काढणे, टाळ-मृदंग, काहीही चालेल. सुबक झालेच पाहिजे असे नाही. ते विकायचे नाही की स्पर्धेत मांडायचे नाही.

३. लिहिता येत असल्यास एक वही ठेवावी. मनात येईल ते लिहावे, शुद्धलेखन पाहू नये. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आपले दुःखद अनुभव चार दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. लिहिल्यानंतर लगेच त्यांना उदास वाटले, पण पुढील काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत एवढा गुण दिसला नाही; तरी वही-पेन्सिलीपलीकडे याला खर्च नाही.

४. घरातील वडीलधाऱ्या बायांना ओव्या म्हणावयास सांगावे व मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. म्हणणारीचे मन मोकळे होते, ऐकणाऱ्यालाही पुष्कळ कळते.

५. पुरुषांनीही यात कमीपणा मानू नये. भजनी मंडळात पुन्हा जाऊ लागावे.

विशेष काळजी

चर काढूनही पाणी हटत नसेल, तर आपण जाणकाराला शेत दाखवतो. दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन रमत नाही, असे असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. जगणे नको असे विचार येत असल्यास एक दिवसही थांबू नये. 'टेली मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. अशा वेळी घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये व उपदेशही करू नये. जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या बाईसारखे शांतपणे ऐकावे.