सासूबाईंचं रक्त जातंय कुठे?

अगं, सासूबाईंना पुन्हा रक्त चढवलं म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. बीट, खजूर, गूळ जरूर दे. पण पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही उतरत असेल, तर आहाराला दोष देऊन थांबू नकोस. रक्त कुठून जातंय, ते शोधायलाच हवं.

दुखत नाही, शौचाला लाल दिसत नाही, तरी आतून थेंब थेंब जात राहतं. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. रोज असंच गेलं तर गोळ्या कुठवर पुरणार?

त्यांचं लिव्हर खराब आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जठराच्या शेवटच्या भागात, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे, काहींच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि झिरपतात. दुर्बिणीतून कलिंगडासारखे लाल पट्टे दिसतात, म्हणून डॉक्टर त्याला ‘वॉटरमेलन स्टमक’ म्हणतात. रिपोर्टवर ‘गेव्ह’ असं लिहितात. हे जास्त करून उतारवयातल्या बायकांत आढळतं. लिव्हर सिरॉसिस, किडनीचे जुने आजार किंवा कातडी कडक होणारा स्क्लेरोडर्मा असेल तरीही. कधी ते नुसत्या सुजेसारखं दिसतं, ‘गॅस्ट्रायटिस’ असा शिक्का बसतो आणि माणूस अॅसिडिटीच्या गोळ्या घेत राहतो. त्या गोळ्यांनी हे पट्टे जात नाहीत गं!

उपाय आहे, आणि पोट फाडावं लागत नाही. दुर्बिणीतूनच आर्गॉन वायू आणि विजेच्या साहाय्याने त्या वाहिन्या जाळतात, काही वेळा रबरी बँड लावतात. एका खेपेत भागत नाही, हे घरात आधीच सांगून ठेव, नाहीतर दुसऱ्या खेपेला सगळे कुरकुरतील.

हुबळीला पूर्वीचं किम्स, म्हणजे आताचं केएमसीआरआय हॉस्पिटल आहे, सत्तूरला एसडीएम हॉस्पिटल आहे. धारवाडहून चिगरी बसनं जाता येतं. पोटविकारतज्ज्ञांना सरळ विचार, ‘जठरातल्या रक्तवाहिन्या नीट पाहिल्यात का?’ गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्याही त्यांना दाखव, काही वेदनाशामकांनीही जठरातून रक्त जातं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होतेच. पण चिकट, उग्र वासाची काळी शी झाली, घेरी आली किंवा रक्ताची उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव. जायचं ठरलं की कळव, मी येते सोबत.