माहिती आणि वृत्ती

इ. स. १९८६ मध्ये मद्रास (आजचे चेन्नई) येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी रक्ताच्या नमुन्यांच्या तपासणीतून भारतातील एचआयव्हीचा पहिला संसर्ग उघडकीस आणला. त्या वेळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. आज औषधे आहेत. भीती मात्र अजून पुरती सरलेली नाही. रुग्णालयातही ती आढळते.

असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बाळाला, अशा मार्गांनी एचआयव्ही पसरतो. स्पर्शाने किंवा सहभोजनाने पसरत नाही. आरोग्य कर्मचाऱ्याला हे ठाऊक असते. तरीही एखाद्या रुग्णाची खाट दूर सरकवली जाते, तिच्यावर वेगळी खूण केली जाते. माहिती मुखोद्गत असते, पण ती आचरणात उतरलेली नसते.

ही भीती अगदीच निराधार नाही. काम करताना सुई टोचू शकते. परंतु बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा संसर्ग सरासरी हजारांत सुमारे ३ जणांना होतो. लस न घेतलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हेपॅटायटिस-बीचे हेच प्रमाण हजारांत ३०० पर्यंत जाऊ शकते. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी, ताबडतोब वरिष्ठांना कळवावे आणि वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध सुरू करावे. हे औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते.

चेहऱ्यावरून संसर्ग ओळखता येत नाही. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो तपासणीतही दिसेलच असे नाही. म्हणून रक्ताशी संबंध येईल तेथे हातमोजे घालावेत आणि वापरलेली सुई सुरक्षितपणे नष्ट करावी, हा नियम प्रत्येक रुग्णासाठी आहे. केवळ खूण केलेल्या खाटेपाशी सावध राहणारा कर्मचारी एका रुग्णाचा अपमान करतो आणि इतर खाटांपाशी स्वतःला धोक्यात घालतो.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधने व प्रशिक्षण पुरवण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. रुग्णाचा सन्मान आणि सेवकाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी अशा प्रकारे एकाच नियमाने साधतात.

पाठगत प्रश्न
१. खाटेवर खूण केल्याने कर्मचाऱ्याची सुरक्षितता का वाढत नाही?
२. ‘माहिती मुखोद्गत असते, पण ती आचरणात उतरलेली नसते’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.