मने, टीपचे पैसे आधीच बाजूला काढ

अगं मने, तुमची तिकिटं झाल्याचं कळलं आणि रात्रभर मला झोप लागली नाही. आईला इथे न्यू जर्सीला आणायचं किती वर्षं मनात होतं. कपडे, औषधं, लाडू यांवर आपण फोनवर तासन्‌तास बोललो, पण एक विषय राहूनच गेला. आईसमोर तो काढला असता तर तिने लगेच डॉलरचे रुपये करून खर्चाचा धसका घेतला असता. म्हणून तुला एकटीला निवांत लिहितेय. विषय आहे टीपचा.

आपल्याकडे बिल चुकतं केलं की बडीशेपेच्या बशीत दहा-वीसची नोट ठेवून आपण उठतो. वाढणाऱ्याने हसतमुखाने वाढलं तर जरा जास्त, नाहीतर उरलेले सुटे. तो आपल्या खुशीचा मामला. इथे मात्र टीप हा वाढणाऱ्याच्या मजुरीचाच एक भाग असतो आणि तो गिऱ्हाइकाने द्यायचा असतो. एवढं मनात पक्कं केलंस की बाकी सगळं सोपं आहे.

इथल्या केंद्राच्या कायद्याने किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टीप मिळते त्यांना मालकाने पदरचे तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. १९९१ पासून हा आकडा तसूभर हललेला नाही. टीप धरूनही ७.२५ भरत नसतील तर उरलेली भर मालकाने घालायची असते. काही राज्यांत मालकाला याहून जास्त द्यावे लागतात, कॅलिफोर्नियात तर पूर्ण किमान मजुरी द्यावी लागते. तरी टीपची रीत तिथेही आहेच.

या रीतीमागे एक दुखरा इतिहास आहे. इथली गुलामगिरी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत सेवेला कृष्णवर्णीय माणसं ठेवली. पगार तुटपुंजा, बाकी भिस्त प्रवाशांच्या टीपवर. त्या लोकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ मध्ये टीपवर बंदीच घातली होती. आणखी काही राज्यांनीही तसे कायदे केले, पण १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. हे सगळं वाचल्यापासून टीप देताना माझा हात आखडत नाही.

आणि त्याहून जवळचं कारण तुला सांगते. तुझ्या भाचीने कॉलेजात असताना दोन उन्हाळे एका रेस्टॉरंटमध्ये वाढायचं काम केलं. रात्री अकराला घरी यायची, बूट काढायची आणि ॲप्रनच्या खिशातल्या नोटा जेवणाच्या टेबलावर ओतायची. एक-एकच्या चुरगळलेल्या नोटा, काहींना केचपचा वास. त्या हाताने सरळ करून ती गड्ड्या लावायची. त्यातून टेबलं पुसणाऱ्या मुलाला आणि बारवाल्याला वाटा द्यायचा असे, आणि तो ठरायचा बिलाच्या रकमेवर. म्हणजे बिल मोठं आणि टीप नाही, तर तो वाटा तिच्या बाकीच्या कमाईतून जायचा. एका रात्री ती गड्ड्या न लावता नुसती बसून राहिली. आठ जणांचं कुटुंब दोन तास बसलं होतं, दोनशे डॉलरच्या आसपास बिल झालं आणि मागे पाच डॉलर ठेवून ते उठले. मी म्हटलं, असतात गं काही लोक. तर ती हळूच म्हणाली, "आई, ते मराठी बोलत होते."

त्या माणसांच्या मनात काही वाईट नसणार. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी तुला सांगतेय.

आता हिशेब बघ. टेबलावर येऊन कुणी वाढत असेल तर १५ ते २० टक्के टीप द्यायची. हल्ली १८-२० देणारेच जास्त दिसतात. मेनूकार्डावरच्या किमतीत कर धरलेला नसतो, आमच्याकडे तो ६.६२५ टक्के पडतो. समजा ६० डॉलरचं खाणं झालं. कर ३.९८. टीप कराआधीच्या रकमेवर काढायची. दहा टक्के म्हणजे ६, त्याची दुप्पट १२. झाले ७५.९८. तेव्हा मेनूकार्ड वाचतानाच प्रत्येक किमतीवर पाव हिस्सा मनात चढवून ठेव. परवडत नसेल तर एखादा पदार्थ कमी मागवू, पण टीप कापायची नाही. सेवा खरोखरच वाईट असेल तर टीप थोडी कमी द्यावी आणि मॅनेजरला शांतपणे कारण सांगावं. न बोलता उठून जाऊ नये.

कार्डाने पैसे देताना गोंधळू नकोस. कार्ड एकदा घेऊन जातात आणि दोन चिठ्ठ्या आणून ठेवतात. त्यांच्या चिठ्ठीवर टीपची ओळ रिकामी असते. तिथे आकडा लिही, खाली बेरीज कर, सही कर आणि ती चिठ्ठी तिथेच ठेव. दुसरी तुझी. काही ठिकाणी छोटं यंत्रच टेबलावर आणतात. मोठा घोळका असला, सहा किंवा जास्त जण, तर बऱ्याच ठिकाणी टीप बिलातच लावलेली असते. म्हणून आधी बिल वाच, नाहीतर दोनदा दिली जाईल. आणि ओक ट्री रोडवर आपल्याकडच्या एखाद्या हॉटेलात डोसा खायला जाऊ तेव्हाही हाच नियम. वाढणारा आपल्या भाषेत बोलला, आपल्या गावाकडचा निघाला, तरी त्याची मजुरी तीच आहे.

हॉटेलात राहाल तिथे खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी दोन ते पाच डॉलर उशीपाशी ठेव, सोबत 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नकोस, कारण रोज तीच बाई येईल असं नाही. चादरी बदलणाऱ्या या बायका पाहुण्यांना क्वचित दिसतात आणि म्हणून विसरल्या जातात. सामान खोलीपर्यंत आणणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर, टॅक्सीवाल्याला १० ते २० टक्के. नायगाराच्या बस सहलीचं पत्रक नीट वाच. गाइड आणि ड्रायव्हरची टीप माणशी दररोज किती, ते पुष्कळदा त्यातच छापलेलं असतं आणि पोरांचीही मोजतात. ते पैसे सहलीच्या खर्चात आधीच धर.

कुठे द्यायची नाही, तेही ऐक. इमिग्रेशन, कस्टम, पोलीस, राष्ट्रीय उद्यानातले रेंजर यांच्यापुढे पैसे चुकूनही काढू नकोस. सरकारी माणसाला चहापाणी देऊ करणं इथे गंभीर गुन्हा आहे. शहरातल्या सरकारी बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे टीप नसते. आणि कॉफीच्या काउंटरवर पडदा तुझ्याकडे फिरवतील, त्यावर १८, २०, २५ असे आकडे असतील. मागे रांग उभी असते आणि अवघडल्यासारखं होतं. पण आपणच मागायचं, आपणच उचलून न्यायचं, तिथे टीप सक्तीची नाही. 'नो टिप' दाबायला अजिबात लाजू नकोस. वाटलं तर डॉलरभर दे.

तेव्हा असं कर. तुम्हा चौघांच्या खर्चात टीपचं वेगळं पाकीट धर आणि त्या पैशांना कधीच आपलं म्हणू नकोस. ज्या दिवशी ते पैसे 'गेले' असं वाटणं थांबेल त्या दिवसापासून सहलीची मजा येईल. दर वेळी रुपयांत गुणाकार करत बसलीस तर घास गोड लागणार नाही. तुझंही तसं होऊ नये, आईचंही.

शेवटचं, विमानतळावरच्या आईच्या व्हीलचेअरचं. ही सेवा विमान कंपनीला फुकट द्यावी लागते, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर ते देणं बंधनकारक नाही. पण खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेत तिच्यासोबत उभा राहतो, बॅगा उचलतो, तिला बाहेर आणून सोडतो. त्याची कमाई बेताची असते. मी बँकेतून एक आणि पाचच्या नोटा आणून ठेवल्यात. बाहेर दाराशीच उभी असेन, नोटा हातात घेऊन. त्या मी देणार नाही, तूही देऊ नकोस. आईला देऊ दे तिच्या हाताने. पन्नास वर्षं दारी आलेल्या कुणाला तिने रिकामं पाठवलेलं नाही, तिला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल.

तुझी ताई