मेसचा हिशोब आणि रंगीत ओळी

लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही १४० जणी जेवतो. प्रत्येकीचं ॲडव्हान्स, रोजचा खर्च, खाडे आणि शिल्लक हे सगळं पूर्वी लांबट रजिस्टरमध्ये असायचं. ज्यांची शिल्लक संपली त्यांच्या नावावर लाल स्केचपेनने रेघ मारायची आणि पुढच्या एक तारखेपासून थाळी बंद. यंदा मेस सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आलं आणि रजिस्टर एक्सेलमध्ये गेलं. पण सवय काही जात नाही! एक्सेलमध्येसुद्धा बऱ्याच जणी ओळ सिलेक्ट करून हाताने लाल रंग भरतात. म्हणजे स्केचपेनच, फक्त माऊसचं. मुलीने पैसे भरले, शिल्लक बदलली, तरी रंग लालच राहतो, कारण त्या रंगाचा आकड्याशी काही संबंधच नसतो.

हा संबंध जोडण्याचं काम कंडिशनल फॉरमॅटिंग करतं. एक्सेल ९७ पासून ही सोय आहे. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये तीनच अटी देता यायच्या, २००७ पासून ते बंधन गेलं. एका सेलला रंग देणं सोपं असतं, ते कुणीही मेनू बघून करेल. गंमत आहे ती एका कॉलमचा आकडा बघून अख्खी ओळ रंगवण्यात.

आमची शीट अशी आहे: ए मध्ये खोली, बी नाव, सी वर्ष, डी जमा, ई खर्च, एफ शिल्लक (म्हणजे डी वजा ई) आणि जी मध्ये खाडे. पहिल्या ओळीत मथळे. आता ए२ पासून सुरुवात करून जी१४१ पर्यंत सगळं सिलेक्ट करा. होम टॅब, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि त्यातला शेवटचा पर्याय, ‘यूज अ फॉर्म्युला’वाला. तिथे लिहा:

=$एफ२<०

(छापण्यासाठी देवनागरीत लिहिलंय. मशीनवर अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीतच टाईप करायचे.) मग फॉरमॅटमध्ये जाऊन रंग निवडा, ओके. झालं.

सगळी जादू त्या डॉलरच्या चिन्हात आहे, म्हणून इथे जरा थांबू या. आपण सूत्र फक्त ए२ साठी लिहितो. बाकीचे सेल ते आपापल्या जागेनुसार सरकवून घेतात. डॉलर दिला नाही तर ए२ बघेल एफ२ कडे, बी२ बघेल जी२ कडे, सी२ बघेल एच२ कडे. खाडे कधी उणे नसतात, एच तर रिकामाच आहे. म्हणजे रंगेल फक्त खोलीचा नंबर! एफच्या आधी डॉलर दिला की ओळीतले सातही सेल एफकडेच बघतात. आणि २ च्या आधीसुद्धा डॉलर दिला तर? मग १४० ओळी एकाच मुलीची शिल्लक बघणार: तिचे पैसे संपले की आख्खं हॉस्टेल लाल. तेव्हा कॉलम बांधायचा, ओळ मोकळी सोडायची.

दुसरा नियम तसाच, =$एफ२<५००, रंग पिवळा. आमच्याकडे दिवसाला साधारण शंभर रुपये पडतात, म्हणजे पाच दिवसांचं जेवण उरलं की ओळ पिवळी होते आणि घरी फोन करायला वेळ मिळतो. मात्र उणे आकडासुद्धा पाचशेपेक्षा कमीच असतो. म्हणून मॅनेज रूल्समध्ये लाल नियम वर आणि पिवळा खाली हवा. दोन नियमांच्या रंगांत भांडण झालं तर वरचा जिंकतो. नवीन नियम आपोआप सगळ्यात वर जाऊन बसतो, तो बाणाने खाली आणायचा.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. खरा प्रश्न पुढे आहे. गेल्या वर्षी, रजिस्टर असताना, फर्स्ट इयरच्या एका मुलीचा डीडी ऑफिसात पडून होता, मेसपर्यंत नोंदच आली नाही. जमा कॉलम कोरा, म्हणून नावावर लाल रेघ. ती चार दिवस बाहेर वडापाव खात होती आणि कुणाला बोललीही नाही. एक्सेल वेगळं वागेल असं समजू नका. कोरा सेल म्हणजे त्याच्या लेखी शून्य. शून्यातून खर्च वजा केला की शिल्लक उणे, ओळ लाल. ‘पैसे नाहीत’ आणि ‘आपल्याला माहीत नाही’ यातला फरक त्याला कळत नाही, तो आपणच सांगावा लागतो.

याची उलटी बाजूही आहे. आपल्याकडे रकमेपुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारायची पद्धत आहे ना, २०००/- अशी? चेकवर ठीक आहे. सेलमध्ये तसं लिहिलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. मग शिल्लक काढताना एरर येते आणि एरर आलेल्या ठिकाणी नियम लागूच होत नाही. ओळ पांढरी. १४० ओळींत डोळा रंगांवरून फिरतो, पांढरी ओळ म्हणजे सगळं ठीक असं धरून पुढे जातो.

या दोन्ही गोष्टी एकाच नियमात पकडता येतात:

=नॉट(इझनंबर($डी२))

म्हणजे जमा कॉलममध्ये खरा आकडा नसेल तर ओळ राखाडी. हा नियम लालच्याही वर ठेवायचा. आमच्याकडे राखाडीचा अर्थ एकच: थाळी चालू ठेवा, आधी मुलीला आणि ऑफिसात विचारा. रेक्टर मॅडमनी हे मान्य केलंय, आणि माझ्या मते अख्ख्या शीटमधला हाच सगळ्यात महत्त्वाचा रंग आहे.

काही किरकोळ गोष्टी. रंग फिकेच घ्या. गडद लालची ब्लॅक-अँड-व्हाइट झेरॉक्स काढली की नावच वाचता येत नाही. बॉईज हॉस्टेलवाल्यांनी हिरवा-लाल जोडी टाळावी, कारण त्या दोन रंगांत फरक न दिसणं मुलांमध्ये मुलींपेक्षा बरंच जास्त आढळतं. दुसरीकडची ओळ आणून मध्ये पेस्ट करताना पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूजच पेस्ट करा, नाहीतर नियमांचे तुकडे होतात आणि महिन्याभरात तीनाचे तीस नियम दिसतात. किती जणी लाल आहेत हे मोजायला रंग मोजत बसू नका, काऊंटइफला एफ कॉलम द्या. मेसच्या काकू “एकोणसाठ” म्हणाल्या की माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला आधी फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे विचारावं लागतं, तेवढं मात्र एक्सेल सोडवत नाही.

आणि रंगीत शीट नोटीस बोर्डावर लावू नये. बोर्डासमोरून भाजीवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे जातात. लाल ओळ हिशोब बघणाऱ्यासाठी आहे. ज्यांची ओळ पिवळी झाली त्यांच्या दाराखालून आम्ही चिठ्ठी सरकवतो, त्यात शिल्लक आणि शेवटची तारीख, बस.

ज्यांच्याकडे एक्सेल नाही त्यांनी लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स वापरावं. मेनूची नावं थोडी वेगळी आहेत, डॉलर तोच. नावं काढून टाकलेली कोरी फाईल मेस ऑफिसात ठेवली आहे, पेन ड्राइव्ह घेऊन या.