ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाचे रेशन

दिवाळी आटोपली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, तसेच बेळगावकडील कारखान्यांकडे निघतात. धुळे-नंदुरबारकडील पुष्कळ मंडळी दक्षिण गुजरातेत जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, त्यांचा संसार फडाजवळच्या कोपीत असतो. घरी वृद्ध माणसे व शाळेत जाणारी मुले राहतात. या काळात कामावरील माणसांचे धान्य बहुधा कोपीजवळच्या दुकानातून उधारीवर येते व त्याचे पैसे पुढे उचलीच्या हिशेबात वळते होतात. ज्या धान्यावर कुटुंबाचा कायदेशीर हक्क आहे, ते मात्र अनेकदा उचललेच जात नाही. रेशन आपल्या गावाबाहेर मिळत नाही, ही जुनी समजूत हे त्याचे एक मोठे कारण होय.

पूर्वी शिधापत्रिका एका ठरावीक दुकानाशी बांधलेली असे, तेव्हा ही समजूत खरी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेखाली आंध्र प्रदेश व तेलंगण, आणि महाराष्ट्र व गुजरात, अशा दोन जोड्यांत एका राज्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य देण्यास आरंभ झाला. जून २०२२ पर्यंत देशातील सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश या व्यवस्थेत आले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही पत्रिकाधारकास दुसऱ्या जिल्ह्यातील दुकानातून धान्य घेता येते. हे शक्य झाले ते दुकानातील ई-पॉस यंत्रामुळे. कुटुंबाची नोंद आता दुकानदाराच्या वहीत नसून संगणकावरील मध्यवर्ती नोंदीत असते; यंत्र ती नोंद कोठूनही पाहू शकते.

हक्क किती, हे प्रथम नीट समजून घ्यावे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास, माणसे कितीही असोत, दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे. समजा, प्राधान्य कुटुंबात सहा माणसे आहेत. नवराबायको व तान्हे मूल तोडीवर गेले, आणि आजी, आजोबा व थोरला मुलगा घरी राहिला. कुटुंबाचे ३० किलो धान्य दोन्ही ठिकाणी विभागून घेता येते: १५ किलो कारखान्याच्या गावी, १५ किलो घरी. पाच महिन्यांत कामाच्या ठिकाणी ७५ किलो धान्य होते; तेवढी उधारी वाचते. मात्र एका ठिकाणी पूर्ण ३० किलो उचलले तर दुसरीकडे त्या महिन्यात काहीच शिल्लक राहत नाही. यास्तव कोणी किती उचलावयाचे हे निघण्यापूर्वी घरात बोलून ठरवावे. हे न ठरविल्यामुळे म्हाताऱ्यांना दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतावे लागते. त्या महिन्याचे धान्य त्याच महिन्यात उचलणे इष्ट.

कोणते धान्य मिळेल, हे त्या ठिकाणच्या वाटपावर अवलंबून असते. कर्नाटकात मुख्यतः तांदूळ मिळतो. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसास तो रुचत नाही हे खरे. पण पिठाचे पोते घरून आणले तरी ते पाच महिने पुरत नाही. एखादे राज्य आपल्या लोकांना स्वतःच्या खर्चाने जे जादा देते, ते परराज्यातील पत्रिकेवर मिळत नाही. तेथे केवळ केंद्रीय कायद्याखालील वाटाच मिळतो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. पत्रिका पिवळी की केशरी, यावरून हक्क ठरवू नये. पत्रिकेवर 'अंत्योदय' किंवा 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे काय, ते पाहावे. मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत प्राधान्य यादीबाहेरील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी बँक खात्यात रोख रक्कम देण्याची योजना आहे. अशा कुटुंबास परगावच्या यंत्रावर धान्य दिसणार नाही, आणि तो दुकानदाराचा दोष नव्हे.

पत्रिका कोणी न्यावी, असा प्रश्न कार्यकर्त्यांस नेहमी विचारला जातो. पत्रिका घरीच ठेवावी. परगावी पत्रिकेचा १२ अंकी क्रमांक किंवा पत्रिकेत नाव असलेल्या माणसाचा आधार क्रमांक सांगितला म्हणजे पुरते. हा १२ अंकी क्रमांक तोडीवर जाणाऱ्या बाईने व पुरुषाने, दोघांनीही, लिहून जवळ बाळगावा. मुकादमाच्या वहीत तो असणे पुरेसे नाही.

खरी तयारी गाडी निघण्यापूर्वी, गावातच करावयाची असते. कुटुंबातील प्रत्येकाचा आधार क्रमांक पत्रिकेस जोडलेला असावा व ई-केवायसी, म्हणजे यंत्रावर ओळख पटवून घेण्याचे काम, पूर्ण झालेले असावे. आधारला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडला असल्यास नवा नोंदवून घ्यावा. मुलांच्या बोटांचे ठसे पाचव्या व पंधराव्या वर्षी आधार केंद्रावर नव्याने द्यावे लागतात, हे विसरले जाते. 'मेरा राशन' हे अॅप भ्रमणध्वनीवर घेतल्यास आपला हक्क, मागील उचल व जवळची दुकाने पाहता येतात. घरातील शाळकरी मूल ते सहज वाचून दाखवील.

कामावर गेल्यानंतर अडचण येते ती बहुधा अंगठ्याची. कोयता व पाचट यांनी बोटे घासली जाऊन ठसे उमटत नाहीत. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरी बोटे लावून पाहावीत. तरीही न जमल्यास पत्रिकेतील दुसऱ्या माणसाने अंगठा द्यावा. डोळ्यांची ओळख किंवा भ्रमणध्वनीवर येणारा गुप्त अंक ही सोय जेथे आहे तेथे ती मागावी. 'अंगठा लागत नाही' एवढ्यावर परत फिरू नये.

दुसरी अडचण दुकानदाराच्या नकाराची. बाहेरची माणसे अकस्मात वाढली की साठा अपुरा पडतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु यंत्रावर झालेली विक्री त्याच्या हिशेबात धरली जाते, तेव्हा कायमचा नकार देण्यास त्यास कारण नाही. ज्या गावांत दरसाल टोळ्या उतरतात, तेथील कार्यकर्त्याने हंगामापूर्वीच तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेस अंदाजे कुटुंबसंख्या कळविल्यास ही ओढाताण पुष्कळ टळते.

धान्य न उचलण्याचा तोटा आता केवळ त्या महिन्यापुरता राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने वितरण आदेशात केलेल्या दुरुस्तीप्रमाणे, मागील सहा महिने ज्या पत्रिकेवर धान्य उचलले नाही ती तात्पुरती निष्क्रिय केली जाते, व प्रत्यक्ष पडताळणी आणि ई-केवायसी झाल्यावरच पुन्हा पात्रता ठरते. सर्व कुटुंबच तोडीवर गेले व घराला कुलूप लागले, तर हंगामाची लांबी आणि ही मुदत जवळजवळ सारखीच भरते. अशा कुटुंबाने कामाच्या गावी नियमाने धान्य उचलणे दुप्पट अगत्याचे आहे.

प्रत्येक वेळी यंत्रातून निघालेली छापील पावती मागून घ्यावी व मिळालेले वजन तीवरील आकड्याशी ताडून पाहावे. पावतीवर पंधरा व पिशवीत बारा असे दिसल्यास, किंवा धान्य नाकारल्यास, १९६७ या विनामूल्य क्रमांकावर अथवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रारीत दुकानाचा क्रमांक, गाव, दिनांक व पत्रिकेचा १२ अंकी क्रमांक द्यावा. पावती असल्यास ती जोडावी.